हार घातलेली गाडी

गाडी कुठंय विचारताय ना? सांगतो, पण हसू नका. शाळेत ग्राहकांचे हक्क शिकवणारा मी, आणि मीच ॲपवर फोटो बघून जुनी गाडी घेतली. 'आहे तशी स्वीकारली' या कागदावर न वाचता सही ठोकली. बायको म्हणत होती, "आधी रफिकभाईंना दाखवा की." रफिकभाई आमचा नेहमीचा मेकॅनिक. मी म्हणालो, "नको, तो मधल्यामध्ये कमिशन खाईल."

गाडी आली तशी हार घालून आम्ही दोघं थेट अक्कलकोटला पूजेला गेलो. तिथंच ती बंद पडली. शेवटी रफिकभाईलाच फोन केला. बिचारा हातातलं काम टाकून सोलापूरहून आला. त्यानं मॅट उचललं, तर खाली वाळलेला गाळ.

"सर, पुरात बुडालेली गाडी हाय ही. माझ्याकडंच आलती. मालकाला म्हणलो होतो, सांगून विका. मला एक फोन करायचा की!"

"घाईत राहून गेलं," मी म्हणालो.

त्यानं बायकोकडं बघितलं. ती खाली बघत होती.

"कमिशनचं वाटलं व्हय, सर?" त्यानं हळूच विचारलं.

मी गाडीचा हार काढायला लागलो.