गडगा आणि क्रेन

त्या दिवशी ऊन असं होतं की चिऱ्यावर हात ठेववत नव्हता. भरदुपारी पुण्याची एक बस, आत चूल, खाटा, न्हाणीघर असलेली, आमच्या पाणंदीत शिरली आणि तिचं मागचं चाक कडेच्या व्हाळीत, पावसाच्या पाण्याच्या चरात, गेलं. ड्रायव्हर म्हणाला, आजोबा, तुम्हीच कुणाला तरी बोलवा. मी कुडाळच्या क्रेनवाल्याला फोन लावला.

"वजन किती?" त्याने विचारलं.

"माका काय ठावक? आत न्हाणीघर आसा, एक म्हातारीय आसा."

त्याने लहान क्रेन धाडली. बस हलली नाही, क्रेनचीच पुढची चाकं वर आली. मग मोठी मागवली. ती वळणावर माझ्या गडग्याला, चिरे रचून घातलेल्या कुंपणाला, अडली.

"गडगा काढा, नायतर मी परत जातंय," तिचा ड्रायव्हर म्हणाला.

हा गडगा मी माझ्या हातांनी घातलेला. त्यावरूनच शेजारचा इनास वीस वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. पण खिडकीतली म्हातारी घामाने भिजली होती. मी एकेक चिरा काढायला लागलो.

थोड्या वेळाने इनास आला आणि दुसऱ्या टोकाने चिरे उचलू लागला. म्हणाला, "माझ्या टेम्पोक वाट दिलंस नाय, आणि पुण्याच्या न्हाणीघराक दिलंस? बरां, आता परत घालू नको."