ग्रहणातला लेझर

हॅलो?… व्हय, बोल अक्का.

काशम्मानं आधी गॅस बंद केला. अक्कलकोटहून थोरल्या बहिणीचा, चंद्रव्वाचा, फोन आला की सोलापुरात दूध उतू जातं, हा तिचा अनुभव. आज मात्र उतू जायची पाळी तिची स्वतःची होती.

न्हाय, आधी माझं ऐक… अगं ऐक ना. सकाळी माझ्या सुनेला परस्पर फोन कशाला केलास?… सहज? सहज म्हणून बाळाचा ओठ फाटणार म्हणालीस?… दानेश्वरीनं तवापासनं घास घेतला न्हाय. कालच दवाखान्यात टेस्टट्यूबचा गर्भ पोटात सोडलाय तिच्या, आणि तू…

व्हय, काल ग्रहण होतं. ठाऊक हाय मला… कापलं कुटं? लेझर हाय तो, विळी न्हाय… अगं, गर्भाला वरनं कवच असतं. ते जाड राहिलं तर जीव बाहेर यीना, पोटात रुजंना. म्हणून डॉक्टरीणबाईंनी टिपक्याएवढा उजेड मारून कवच तेवढं उघडलं. आतल्याला धक्कासुदिक न्हाय… धार? उजेडाला कसली धार?

थांबायचं?… कुणाला सांगू थांब म्हणून? पाच दिवसांचा जीव तो, काचेच्या बशीतला. त्याला पंचांग वाचून दाखवू?… आणि तुझ्या लेकानं, महेश्वरनं, काल ग्रहणातच दाढी केली, ती?… बरं, तो गरोदर न्हाय. कबूल.

काय म्हणालीस?… मी काही पाळत न्हाय?

काशम्माचा आवाज एकदम खाली आला.

अक्का, माझ्या पहिल्या खेपेला ग्रहणात मला कोपऱ्यात कुणी निजवलं? तूच की. विळी न्हाय, सुई न्हाय, पाण्याचा घोट न्हाय. कूससुदिक बदलली न्हाय मी… मग ते पोर का गेलं?… ओठ चांगला होता त्याचा. मी बघितला.



…मग आता एक कर. तुझ्या तोंडनं भ्यालीय ती, तुझ्याच तोंडनं भ्या जाऊ दे… बाळाला काय होत न्हाय म्हणून सांग तिला; तुला खोटं वाटत असंल तर खोटं सांग. दानेश्वरी, हे घे. मावशी हाईत.

हॅलो?… व्हय, मावशी… व्हय… जेवते… सासूबाई?

दानेश्वरीनं वळून पाहिलं. काशम्मा ओट्याशी पाठमोरी उभी होती.

न्हाई मावशी, रडत न्हाईत. माझ्यासाठी भाकरी चुरतायत.