फुलबॅक नऊ, विंग नऊ

ताई : आधी त्या शिडीवरच्या रंगाऱ्याला खाली उतरवा. एकदा रंग वाळला की तुम्ही म्हणाल, आता काही करता येत नाही.

चिटणीस : बाई, तुम्ही बसा तरी. तो अजून नुसत्या चौकटी रंगवतोय. सन्मानाच्या पाट्यांवरच्या नावांची यादी माझ्याच हातात आहे.

ताई : आणि त्या यादीत माझ्या भावाचं नाव नाही.

चिटणीस : नाही.

ताई : बावन्न सामने! देशाच्या रग्बी संघातून बावन्न! आणि इथे बारा सामन्यांत घरी बसलेल्यांची नावं लागतायत.

धाकटा : ताई, जरा हळू. बाहेर ऐकू जातंय.

ताई : जाऊ दे. तू तेरा वर्षं हळू बोललास म्हणून ही वेळ आली.

चिटणीस : हे पाहा, माझं यांच्याशी वैर नाही. नियम साधा आहे. समोरच्या भिंतीवर ढकलाढकली करणाऱ्या पुढच्या आठ जणांच्या पाट्या. या भिंतीवर मागच्या फळीच्या पाच. स्क्रम-हाफ, फ्लाय-हाफ, सेंटर, विंग, फुलबॅक. एकाच जागेवर सुरुवातीपासून दहा सामने खेळला, तर त्या पाटीवर नाव. यांचे मी तीनदा मोजले. फुलबॅक नऊ, विंग नऊ, सेंटर आठ, फ्लाय-हाफ पाच, स्क्रम-हाफ दोन. उरलेले एकोणीस बदली म्हणून, बाकावरून उठून.

ताई : म्हणजे पाचही जागा सांभाळल्या हा गुन्हा झाला!

चिटणीस : गुन्हा कोण म्हणतंय?

ताई : मग शिक्षा कसली देताय? अहो, याला पहिल्याच दिवशी कोचनं विचारलं, विंगला खेळशील का? हा म्हणाला, हो. जन्मात कधी विंगला उभा राहिला नव्हता! घरी येऊन मला विचारतो, ताई, विंगवाला नेमकं करतो काय?

धाकटा : ते कशाला आता?

ताई : का नको? जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी फुलबॅक, दोन कप विंग, असं मांडून मी शिकवलंय याला. पुस्तक वाचून! पुढच्या शनिवारी पठ्ठ्यानं त्याच जागेवरून चेंडू रेषेपार टेकवून दोन ट्राय मारले. तेव्हा टाळ्या वाजवताना तुम्ही जागा मोजली होती का?

चिटणीस : मी टाळ्या वाजवत नाही, बाई. मी लिहीत असतो.

ताई : तेही धड नाही. हे कात्रण बघा.

धाकटा : ताई, ते पिशवीत ठेव.

ताई : का ठेवू? हातच्या काकणाला आरसा कशाला? बघा साहेब. अकरा वर्षांपूर्वीचा पावसातला सामना. पाठीवर चौदा आकडा, हा माझा भाऊ. आणि उभा कुठे आहे? आपल्याच गोलखांबांसमोर, उंच आलेला चेंडू झेलतोय. ही जागा कोणाची?

चिटणीस : फुलबॅकची. पण विंगवालासुद्धा एखादवेळी धावत मागे येतो.

ताई : एखादवेळी! ऐंशी मिनिटांत सतरा वेळा येतो? मी टीव्हीसमोर बसून मोजलेत. हा त्या दिवशी पहिल्या शिट्टीपासून फुलबॅक होता. तुम्ही पाठीवरचा आकडा बघितलात, विंग लिहिलंत, आणि हत्ती गेला नि शेपूट राहिलं. तो एक सामना इकडचा तिकडे केलात की झाले दहा.

चिटणीस : थांबा. वही काढतो. पावसातला... हा. चौदा आकडा, विंग, तुमचं नाव. माझंच अक्षर आहे. अहो, तुम्ही सांगा ना. त्या दिवशी तुम्ही फुलबॅक होतात?

धाकटा : इतकं जुनं कुठे आठवतंय.

ताई : खोटं! याला प्रत्येक सामन्यातला प्रत्येक सुटलेला चेंडू आठवतो.

चिटणीस : होतात का नव्हतात?

धाकटा : होतो.

चिटणीस : मग माझी चूक झाली. एकोणतीस वर्षांत नोंदीत पहिली चूक. मी दुरुस्त करतो, त्यात मला कमीपणा नाही. यांचे फुलबॅक दहा, विंग आठ.

ताई : आहे की नाही? मी म्हणत नव्हते?

चिटणीस : पण मग फुलबॅकचा पंधरा आकडा घालून कोण होतं? हा बघा. लंबू.

धाकटा : साहेब, राहू द्या ना.

चिटणीस : तो कुठे खेळला?

धाकटा : विंगला. माझ्या जागी.

चिटणीस : म्हणजे त्याचाही एक सामना फुलबॅकमधून कमी करावा लागेल. लंबू, फुलबॅक... एकूण दहा. हा त्याचा शेवटचाच सामना होता.

ताई : दहाचे नऊ झाले की?

चिटणीस : त्याचं नाव उतरेल.

(रंगारी शिडीवरून उतरून, ब्रश डब्यात ठेवून बाहेर जातो.)

ताई : तुला हे माहीत होतं. म्हणून सकाळपासून माझा पदर ओढत होतास, चल, चल घरी.

धाकटा : हो.

ताई : जागा कशाला बदललीत पण?

धाकटा : आदल्या दिवशी सरावात लंबूचा उजवा खांदा निखळला. हात छातीच्या वर जाईना. सांगितलं असतं तर संघाबाहेर. आई-वडील सामना बघायला आलेले. कपडे बदलायच्या खोलीत कोपऱ्यात बसून मला म्हणाला, जोकर, आजचा दिवस मला निभावून दे. आकडे तेच ठेवले, मैदानावर गेल्यावर जागा बदलल्या. कप्तानाला तेवढं माहीत होतं.

ताई : खांदा त्याचा गेला, सतरा चेंडू तू अंगावर घेतलेस, आणि पाटीवर तो! वा रे न्याय!

धाकटा : त्यानंतर तो कधी खेळला नाही, ताई. त्याच्याकडे एवढे दहाच आहेत. उद्या उद्घाटनाला त्याचे वडील काठी टेकत येणार आहेत ते नाव बघायला.

चिटणीस : मग काय करू? खोडू?

ताई : खोडा! सत्य आहे ते लिहा!

धाकटा : नका खोडू.

ताई : मूर्ख आहेस तू. पहिल्या दिवसापासून मूर्ख. हो म्हणायचं, बस्स, एवढंच शिकलास.

धाकटा : मला राग येत नाही असं वाटतं तुला? या दालनात पाय ठेवल्यापासून डोकं तडकलंय माझं! पण तो लंबूवर कशाला काढू? साहेब, तुम्ही ऐका. तेरा वर्षं प्रत्येक कोच म्हणाला, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. कोणाचा घोटा सुजला, कोणाच्या घरी बाळ झालं, कोणी रुसून बसला, की लगेच, जोकर आहे ना! मी एकदा, फक्त एकदा म्हणालो, मला फुलबॅक आवडतं, तिथेच ठेवा. तर उत्तर काय मिळालं? संघापेक्षा मोठा झालास का? आणि आता तेच लोक विचारतात, तुमची जागा कुठली? जागा तुम्ही दिली होतीत का, मोजायला?

चिटणीस : मला मान्य आहे. पण नियम समितीचा...

धाकटा : समितीतले दोघे माझे कोच होते.

ताई : गरज सरो, वैद्य मरो! रमीत जोकर लावून डाव मारायचा, आणि गुण मोजताना त्याचं शून्य.

चिटणीस : एक सुचवू? दाराजवळ थोडी जागा आहे. तिथे एक लहान पाटी करता येईल. समिती नाही म्हणणार नाही. वर लिहू, 'इतर'.

ताई : इतर? बावन्न सामन्यांनंतर माझा भाऊ इतर? चल रे, ऊठ. एक मिनिट इथे थांबायचं नाही.

चिटणीस : बाई, मी चांगल्या हेतूनं म्हणालो. ही माझी चूक मला आता झोपू देणार नाही.

धाकटा : मग वहीत तरी खरं लिहा, साहेब. पाटीला हात लावू नका. कधीतरी कोणी वही उघडेल.

चिटणीस : समासात लिहितो. शाईनं. सही करतो खाली.

ताई : समासात! तेही समासात!

चिटणीस : आणि उद्या या, दोघंही. अकरा वाजता फोटो आहे. प्रत्येक जण आपापल्या पाटीखाली उभा राहील.

ताई : ऐकलंस? आपापल्या पाटीखाली! मग तू रे? तू उद्या कुठे उभा राहणार आहेस?

धाकटा : कोणी ना कोणी येणार नाहीच, ताई. आयत्या वेळी एक जण कमी पडतोच.