मायच्या वॉर्डातली पहिली नोकरी

पावसाळा सरता सरता, एका सोमवारी सकाळच्या पाळीले, मी नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाली. आयसीयूत. मी शेवटच्या वर्षाले होती तेव्हा माझी माय त्याच आयसीयूत वारली. पहिल्या दिवशी काय वाटलं असं सगळेच विचारतात, तं काय सांगू तुम्हाले, काही वाटलं नाई. चप्पल बाहेर काढली, हात धुतले, रात्रपाळीच्या सिस्टरकडून पेशंट समजून घेतले अन् कामाले लागली.

आम्ही मोहाडीचे. घरात माग आहे, आजोबाच्याही आधीपासून. बाबा कोशाच्या रेशमाच्या साड्या विणतात, करवती किनारीच्या, म्हणजे काठाले करवतीसारखे दाते असतात. हे आडवा धागा नेणाऱ्या तीन धोट्यांचं काम आहे, मधल्या कापडाचा धोटा वेगळा अन् दोन्ही किनारीचे वेगळे, म्हणून एका माणसाचे हात पुरत नाईत. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे अन् माय बाजूले बसून किनारीचा धोटा फेकायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. दोघांचं भांडण झालं तरी काम थांबायचं नाई, माय मले म्हणायची, सांग तुझ्या बाबाले, धागा तुटला म्हणून. बाबा हातभर अंतरावर. मंग बाबा मले म्हणायचे, सांग तुझ्या मायले, दिसते मले.

बारावीनंतर मले भंडाऱ्याले नर्सिंगले नंबर लागला. गल्लीतले तं पहिल्याच वर्षी सिस्टर म्हणू लागले. सुटीत घरी आली की कोणी इंजेक्शनची सुई घेऊन दारात उभा, कोणाले थकवा आहे म्हणून सलाईन पाहिजे. मी म्हणायची, डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर मी देत नाई. लताकाकू, आमच्या शेजारच्या, म्हणायच्या, मंग शिकून कायले राहिली व, नुसती टोपी घालाले? माय मागावरून हसायची.

आमच्या विणकर लोकांत एक रीत आहे, पदर सुरू झाला की हात बदलत नाईत. ज्यानं धरला त्यानंच पुरा करायचा. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असते अन् पदरात तो दिसते, गिऱ्हाईक घडी उलगडते तं आधी पदरच पाहते. ताप येवो, पाहुणे येवो, जे असेल ते पदर झाल्यावर. माय पडली त्या दिवशी ती पदरावर बसली होती अन् तिच्या बाजूची किनार ढिली येऊ लागली. बाबा म्हणाले, काहून व, ध्यान कुठं आहे तुझं, ताण पडून नाई राहिला. माय म्हणे, हातात मुंग्या येऊन राहिल्या, होते आता, थोडाच राहिला. बाबा म्हणाले, होऊ दे मंग, पदर झाला की जाऊ दवाखान्यात. दुपारी पदर झाला. माय उठाले गेली तं पाय उचलेना, तोंड एका बाजूले गेलं होतं.

हात अचानक ढिला पडला तं पेशंटले लगेच हलवा, वाट पाहू नका, हे आम्हाले शिकवलं होतं. मी तेव्हा भंडाऱ्याले होस्टेलवर होती, परीक्षेचा अभ्यास करून राहिली होती.

आधी भंडाऱ्याले नेलं, मंग नागपूरच्या याच दवाखान्यात. आयसीयूत नातेवाइकाले जास्त वेळ थांबू देत नाईत, पण मी नर्सिंगची म्हणून मले थोडं आत येऊ द्यायचे. मी मायची कूस बदलायची, तोंड साफ करायची, पाठीले बेडसोर होऊ नये म्हणून पाहायची. तिथल्या इंचार्ज सिस्टर बघत राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, पोरी, हात चांगला आहे तुझा, पास झाली की ये इकडे. माय त्यानंतर दोन दिवसांनी गेली. मी रडली नाई. कागदांवर सह्या बाबाच्या पाहिजे होत्या, मी कागद धरून उभी राहिली.

पास झाली. रजिस्ट्रेशन झालं. मोहाडीतल्या एका मॅटर्निटी होममध्ये जागा होती, दिवसाची ड्युटी, पायी जाण्यासारखं. मामा म्हणाले, हेच धर, घरचं जेवण, बाबाले सोबत, अन् रात्रपाळी म्हटलं की पोरगी पाहाले आलेले पाहुणे चहा पिऊन परत जातात, मंग मले बोलू नको. माझंही तेच ठरलं होतं. ठरलं म्हणजे मी विचार केला नव्हता. सकाळी मागावर बसायचं, मायच्या जागेवर, मंग ड्युटी, आल्यावर पुन्हा मागावर. किनारीचा धोटा मले येते, लहानपणापासून येते. दुसरं कोण बसणार होतं? बाबाचं काम माझ्यावर अडलं होतं.

बाबाले सांगितलं, मी इथंच राहते. दुसऱ्या दिवशी मी मागाजवळ गेली तं ते ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, बदलून राहिले होते. एकरंगी, बिनकाठाचा, साध्या दुपट्ट्याचा. एका धोट्याचं काम. मी म्हटलं, हे काय बाबा, तुम्ही तं कधी दुपट्टे विणत नाई. ते म्हणाले, आता विणतो. मी म्हटलं, मी बसते ना मायच्या जागेवर. तेव्हा ते म्हणाले, त्या जागेवर मी कोणाले बसवत नाई. तुझ्या मायचा हात गेला तो मले कापडात दिसला होता, अन् मी तिले ताण दे म्हटलं. अन् धागे भरू लागले. थोड्या वेळानं म्हणाले, त्या सिस्टरनं बोलावलं आहे ना तुले, जाय मंग.

लताकाकू म्हणाल्या, ज्या जागी माय गेली तिथं कोणी नोकरी करते काय व, डोकं फिरलं तुमच्या दोघांचं. मी मॅटर्निटीवाल्या मॅडमले फोन करून नाई म्हटलं. नागपूरले इंटरव्ह्यूत इंचार्ज सिस्टरनं विचारलं, तुझी आई इथंच होती, जमेल? मी म्हटलं, जमेल. तेव्हाही काही वाटलं नाई, अन् खोटंही बोलली नाई.

आता नागपूरले दवाखान्याच्या होस्टेलवर राहते. बाबाले रोज फोन करते. जेवले का, विचारते, हो म्हणतात. दुपट्टे चालू आहेत. मामा अजून स्थळं आणून राहिले.

मागच्या आठवड्यात मायच्याच बेडवर एक बाई आली, तुमसरकडची, तोच लकव्याचा झटका. तिचा मुलगा, माझ्याच वयाचा, भेटीच्या वेळेत काचेजवळ उभा राहायचा, आत आला की हात पाठीमागं बांधून. मले म्हणाला, सिस्टर, मायले आयकू येते काय? मी म्हटलं, बोला, हात धरून बोला. तो म्हणाला, काय बोलू? मी म्हटलं, घरी जे बोलता ते. तो खाली वाकला अन् म्हणाला, माय, शेळी व्याली, दोन पिल्लं आहेत. मी पडदा ओढला अन् तिची कूस बदलाले बाजूच्या सिस्टरले हाक मारली. मुलगा म्हणे, मी करू काय? मी म्हटलं, या, इथं धरा.

गुरुवारी त्या बाईले साध्या वॉर्डात हलवलं. उजवा हात अजून उचलत नाई. बोलते.