रबरी हाये, चामड्याचं नाही

हॅलो?… हॅलो, कोन?… थांब जराशी, विहिरीवरची मोटार चालू हाये, काहीच ऐकू येत नाही… अहो, बंद करा ना जराशी मोटार. ताईचा फोन हाये, अमरावतीहून… हं. आता बोल.

नाही, नाही आली अजून सुभी. अंधारातच गेली अकोल्याले. पोलीस भरतीचं ग्राउंड म्हनल्यावर… नाही वं, फोन कसा करीन ती? गेटवरच जमा करून घेतात फोन. आता सुटली का सरळ घरीच येईन.

मी? मी मळ्यात हाये. मळ्याच्या बांधावर, धुऱ्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधून राहिली. घरात जीव लागत नाही, अन् अठून फाट्याचा रस्ता दिसते.

…पाहुने? हो, लक्षात हाये. नांदगाव पेठवाले. त्यायले संध्याकाळपर्यंत हो का नाही सांगाचं… ताई, पोरगा चांगला असन, कंपनीत लागला असन, म्या कुठी नाही म्हनलं? पन सुभीच्या बाबाचा शब्द काय होता? या खेपेले ग्राउंड निघालं, पास झाली, तर पोरीले लेखीची तयारी करू द्याची. नाही निघालं तर पाहुने बोलवाचे. मंग आजचा निकाल तर येऊ दे.

काय म्हनली?… पुन्हा म्हन… "पडनारच हाये." हं.

नाही, राग नाही आला. तुह्या डोळ्यादेखतच पडली ना ती मागच्या वर्षी. अमरावतीच्या ग्राउंडवर, दुसऱ्या चकरीत. तूच तिले उचलून ऑटोत घातलं, राजापेठेत आपल्या घरी नेलं, लिंबू-साखर पाजलं… ते मी जलमभर इसरनार नाही. पन मंग फोनवर मले काय म्हनली, आठवते?… मी सांगते ना. "मनकर्णे, या पोट्टीत जीवच नाही. चोर पाहूनच खाली बसीन ही."

हासू नको. मले तवा हासू आलं नव्हतं.

हो, हो… अवं ऐक ना. ऐकून तर घे. तुले एक गोष्ट सांगाची हाये. मुद्दाम सांगतली नव्हती इतके दिवस… काहून म्हंजे? तुले सांगतलं असतं तर नांदगाव पेठेपर्यंत गेलं असतं, पोरगी बिमार हाये म्हून. वाईट वाटून घेऊ नको ताई, पन तुह्या तोंडात तीळ भिजत नाही.

बिमार म्हंजे, अंगात रक्तच नव्हतं तिच्या… लागलं-बिगलं नाही वं. कमी होतं. बाईमानसाले बारा पायजे अन् हिले साडेसहा. अर्ध्या रक्तावर धावून राहिली होती पोट्टी, अन् आपन तिले आळशी म्हनून राहिलो होतो… बरं, आपन नाही. तू.

कसं समजलं? पेन्सिलीवरून… कागदावरची नाही, पाटीवरची. गादी झाडाले घेतली तर खाली पाटीच्या पेन्सिलीचा डबा. अर्धा खाल्लेला. आता माह्या घरी पाटी घेऊन शाळेत जानारं लेकरू कोन हाये? इचारलं तर पोट्टीची मान खाली. म्हने आई, राहवतच नाही. चुलीची भाजकी मातीही खाल्ली म्हने. तसंच मनगट धरलं अन् नेलं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात.

डॉक्टरीनबाई हाये तठी, तरनी, पन लय बारीक नजरेची. तिनं सुभीच्या डोळ्याची खालची पापनी ओढली. आतून लाल पायजे ना? पांढरी फटक. कापसाच्या फुटलेल्या बोंडावानी. मंग नखं पाह्यली, मधातून दबलेली, चमच्यासारखी. मी रोज त्याच हातानं तिले भाकर थापताना पाहो, मले कधी दिसलं नाही. जीभ पाह्यली, पाळीचं इचारलं, रक्त घेतलं. अन् म्हनली, हिच्या अंगात लोहच नाही, त्यापायी रक्त बनत नाही. माती खावाशी वाटते ते त्याच्याचपायी.

बीट? हो, तू सांगतलं होतं बीटाचा रस. दिला ना. गूळ-फुटानेही दिले. बाई म्हने खाऊ द्या, चांगलंच हाये, पन इतका मोठा खड्डा गुळानं बुजत नाही. गोळ्याच लागतीन. अन् गोळी लिंबाच्या पान्यासंग घ्याची, तिच्या मागं-पुढं चहा प्याचा नाही. चहा त्या लोहाले अंगी लागू देत नाही म्हने… तेच ना. आमच्या घरी चूल पेटली का पहिले चहाचंच भांडं चढते. पन पोट्टीनं सोडला. बापासमोर बसून लिंबाचं पानी पिये, अन् बाप बशीत फुरके मारे.

घेतल्या ना गोळ्या. रोज, माह्यासमोर. मळमळे, पोट दुखे, अन् काळी… जाऊ दे, तू जेवत असशीन. नाही जेवत? मंग ऐक, शी काळी झाली. दुसरी असती तर घाबरून गोळ्या फेकून देल्ल्या असत्या. पन बाईनं पहिलेच सांगून ठेवलं होतं, लोहानं काळी होते, भेवाचं नाही.

कुठचं काय वाढते… तेच तर सांगून राहिली. इतकं करून साडेसहाचं सात झालं अन् तठीच बसलं. म्या हात टेकले होते, ताई. सुभी म्हने, आई, राहू दे, बोलवून घे पाहुन्यायले, माह्यानं होत नाही. एवढी धाकड पोट्टी माही, अन् असं बोलली. त्या दिवशी मले जेवन गेलं नाही.

नाही, देवऋषी-बिवऋषी काही नाही केला. पुन्हा त्याच बाईकडे नेलं. हेही आले होते संग. बाई म्हने, गोळ्या चुकवत तर नाही? म्या म्हनलं माह्या डोळ्यासमोर गिळते. मंग ती खाली वाकली अन् तिनं सुभीचे पाय पाह्यले. बोटाच्या बेचक्यात खाजवून खाजवून फोड आले होते. म्हने, शेतात चप्पल नाही घालत?

…हॅलो? हॅलो… तुटून राहिलं. हॅलो… हं, आता येऊन राहिलं. कुठपर्यंत ऐकलं? चपलीपर्यंत? बस, तठीच तर सारी गोष्ट हाये.

आमच्या मळ्यात कोनी पायतान घालून पाय ठेवत नाही, तुले माहीतच हाये. सांभार, तुमच्या शहरातली कोथिंबीर, तोडाले आली होती तवा तुह्यावर ओरडले होते ना हे?… हं, तेच. खुशालबुवापासून चालत आलं ते. यायचा खापरपंजा. तिकडं अमेरिकेत लढाई लागली, इंग्रजाच्या गिरन्यायले कापूस भेटेना, तवा आपल्या वऱ्हाडाचा कापूस सोन्याच्या भावानं गेला म्हनतात ना, त्या वक्ताची गोष्ट. लोकायनं बैलाच्या शिंगायले चांदी चढवली म्हने. बुवानं विहीर बांधली, हीच, जिच्यावर आता मोटार हाये. पानी लागलं तवा त्यायनं पायातले जोडे काढले अन् म्हनले, या मातीत आता चामडं येनार नाही. तवापासून मालक असो का मजूर, सारे धुऱ्यावर चपला काढतात.

चांगलंच हाये वं, म्या कुठी वाईट म्हनलं? पन वाफ्यात सदा ओल. अन् वरच्या नाल्यावर लोक सकाळी डबा घेऊन बसतात, तेच पानी वाहत अठी येते… शी काय, तुह्या ताटातली मेथी याच मळ्यातली असते. धुऊन घेत जाय.

तर बाईनं सुभीच्या शीची तपासनी केली. अन् निंघाले ना. जंत. आकड्यासारखं तोंड असलेले, इतकुसे. ओल्या मातीतून पायाच्या कातडीत घुसतात, अन् आतड्याले चिकटून रक्त पितात. म्हंजे आपन वरून भरून राहिलो होतो, अन् माठाले खालून भोक.

हो, त्याची गोळी हाये. साऱ्या घराले दिली. पन बाई म्हनली, अनवानी मळ्यात गेली तर पुन्हा होईन. गमबूट घाला… आता तुले सांगाले पायजे का? हे खुर्चीवरून उठलेच. म्हने, आमच्या मळ्यात पिढ्यानपिढ्या जोडा गेला नाही. पोरगी मळ्यात नाही गेली तरी चालीन, बूट नाही जानार.

बाई? बाई उठली, यायच्याजवळ आली, अन् यायचीच पापनी खाली ओढली. इचारलं नाही, पुसलं नाही… आता हासली तरी चालते, मीही हासली होती. पांढरी ना. तपासलं तर नऊ निंघालं. गड्यामानसाले तेराच्या वर पायजे म्हने. वर्षभरापासून हे दोन बादल्या उचलल्या का धाप टाकत, अन् म्हनत वय झालं. वयाचा काय दोष त्यात.

छ्या, इतक्यानं मानतात का? म्या अकोल्याहून तीन जोड्या आनल्या बुटाच्या, तर यायनं साऱ्या बाभळीले टांगून देल्ल्या. येनारे-जानारे इचारत, किसनराव, बाभळीले फळं आले का?

मंग मले सुचलं. ऐक, हे नीट ऐक. जेवाले बसले होते हे. म्या भाकर वाढली अन् सहज म्हनलं, अहो, बुवा काय म्हनले होते? चामडं येनार नाही म्हनले, का पायतान येनार नाही म्हनले? हे म्हने, चामडं. म्या म्हनलं, मंग हे तर रबरी हाये. चामड्याचं नाही. बुवाच्या वक्ती रबरी बूट भेटत असते तर बुवानंच पहिले घातले असते…

अवं, घास हातातच राहिला. हात धुतला अन् बाजेवर जाऊन पडले. सकाळी पाहते तर विहिरीपाशी नारळ फोडून राहिले. हात जोडले, बाभळीवरून बूट काढले, पाय घातला… अन् केवढ्यानं तरी ओरडले. आत सरडा जाऊन बसला होता.

हो, म्याच. म्याच काढली ती वाट. दोन डॉक्टर आले असते तरी यायले बूट घालाले लावू शकले नसते. मानतं का नाही, सांग… मानतं ना? मंग बस.

अन् मंग काय पाहाचं. चढत गेलं ना रक्त. परवाच्या दिवशी तपासलं, बाराच्या वर. यायचंही चढलं. बाई म्हने आता रक्त भरलं, पन गोळ्या एवढ्यात सोडाच्या नाहीत, अंगात साठा व्हाले पायजे. पेन्सिलीचा डबा सुभीनंच उकिरड्यावर फेकून देल्ला. मागच्या वर्षी फाट्यावरून घरी येवाले तिले मधात निंबाखाली बसा लागे, दम घ्याले. आता रोज सकाळी त्याच रस्त्यानं धावते.

बूट हायेत ना तिले धावाचे. यायनंच घेऊन देल्ले. पन वरून चामड्याचे हायेत, म्हून ते मळ्यात नाही आनत. धुऱ्यावर काढते अन् गमबूट घालते. तठी यायनं सूट नाही देल्ली, अन् म्याही जास्त तानलं नाही. एकाच खेपेत सारं मागू नाही.

आता तू म्हनतं पडीन. मी म्हनते… थांब.

थांब, थांब. एसटी थांबली फाट्यावर… एक बुढा उतरला. एक बाई, लेकरू घेऊन… सुभी उतरली. सुभीच हाये. पिवळा टी-शर्ट.

मले काय माहीत? तोंड नाही दिसत इतक्या दुरून… अहो, सुभी आली. इकडं या… ताई, बोलू नको जराशी. नाही, ठेवू नको, तशीच राह्य.

चालत नाही ती. धावून राहिली… हो, ग्राउंड करून आली, अन् आता फाट्यावरून धावतच येऊन राहिली… निंब आला… निंबाखाली थांबली नाही. थांबली नाही, ताई, पाह्यलंही नाही तिकडं.

काय म्हनते ती?… काय म्हनते हो?… निघालं. निघालं ग्राउंड. धावन्यात पैकीच्या पैकी म्हनते… ऐकू आलं ना तुले? माहा नाही, तिचाच आवाज होता तो. इतकी धावून आली अन् एवढा आवाज हाये पोट्टीच्या छातीत.

हे? हे वांग्याच्या वाफ्यात उभे हायेत, गमबूट घालून. हलूनच नाही राहिले… आता सुभी आली धुऱ्यावर. खाली बसली. बुटाची नाडी सोडून राहिली, सवयच हाये तिले…

…ताई.

…नाही, काही झालं नाही. ऐकलं नाही का तू? हे म्हनून राहिले, काढू नको… हो, हेच. "काढू नको सुभे. तशीच ये." … गेली ना. बूट घालूनच गेली, विहिरीपर्यंत. यायनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी नाही रडून राहिली. मेथीची माती गेली डोळ्यात.

पाहुन्यायले? सांग ना. सांग, पोट्टी लेखीची तयारी करून राहिली म्हून, अन् तुह्या मनानं काही जोडू नको. बरं, ठेवते आता. चहा मांडाचा हाये… नाही, तिले नाही. तिले लिंबाचं पानी. आजची गोळी राहिली तिची.