छत्रीवाली

फोटो स्टुडिओच्या रांगेत पुढची दोघं भावंडं जुन्या फोटोखाली छापायची नावं कागदावर लिहीत होती. ऐकायचं नाही म्हटलं तरी मागे उभ्या शिक्षिकाबाईंच्या कानावर सगळं पडतच होतं.

“आई, बाबा, मी, तू. झालं.”

“आणि मोत्या?”

“त्याची नुसती शेपटीच आलीय रे.”

“म्हणून काय झालं? घरातलाच ना तो!”

“बरं बाबा, लिहिलं.”

“ताई, ही मागे छत्री धरून उभी आहे ती कोण?”

“कामाला होती आपल्याकडे. चांगली नऊ वर्षं.”

“छत्री आपल्या डोक्यावर आणि ही उन्हात.”

“तुला सारखी कडेवर घेऊन फिरायची. तिने भरवल्याशिवाय घास उतरायचा नाही तुझ्या घशाखाली.”

“नाव काय तिचं?”

“नाव... आपण ‘अगं ए’ म्हणायचो.”

“आईसुद्धा?”

“आईसुद्धा.”

शिक्षिकाबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. फोटोवाल्याने कागद हातात घेतला.

“या बाईंचं नाव राहिलंय. नसेल तर कापून टाकू? कडेलाच आहेत.”

“नको हो,” ताई म्हणाली, “कापायचीच तर आमची नावं कापा.”