जुन्या आवृत्तीतला कोबी

सून : बाबा, संगणक बिघडलेला नाही. तुमचा खेळ व्यवस्थित चालू आहे.

सासरे : मग माझा कोबी शाबूत कसा?

सून : कोबी शाबूत आहे, ही तक्रार?

सासरे : अगं, खेळात नदीपलीकडचं शेत माझ्या धाकट्या भावाचं. त्याच्या मेंढ्या रोज येऊन माझा कोबी फस्त करतात. मी कुंपण घालतो, तो मुद्दाम फाटक उघडतो. पण खेळाची नवी आवृत्ती निघाल्यापासून एका पानाला तोंड लागलेलं नाही.

सून : पण आजी गेल्यापासून तुमचं आणि काकांचं बोलणं बंद आहे ना?

सासरे : बोलणं बंद आहे. खेळणं नाही.

सून : खेळता खेळता लिहितही नाही काही?

सासरे : एक अक्षर नाही. आईचं आजारपण मी त्याला उशिरा कळवलं. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याचा राग खरा आहे. त्यावर काय लिहायचं? त्यापेक्षा कोबी लावलेला बरा.

सून : पण जुन्यातच राहायचं म्हणून तुम्हीच हटून बसलात. कंपनीनं ज्यांना हवी त्यांच्यासाठी जुनी आवृत्ती ठेवली होती, म्हणून तरी लावून देता आली.

सासरे : माझं काय गं! नव्यात मेंढ्यांनी गाणी म्हटली तरी मला चालेल. तो जुन्या वळणाचा. चपलेचा अंगठा तुटला तरी शिवून वापरणारा. तो काही जुनं सोडायचा नाही, म्हणून मी मागे थांबलो.

सून : थांबा, नवी उघडून बघते. शेताची एक प्रत तिकडेही गेलीय... बाबा, इकडे या जरा.

सासरे : काय झालं?

सून : इथे कोबीचे नुसते बुडखे उरलेत. आणि फाटक सताड उघडं.

सासरे : गाढव आहे! माझ्यासाठी गेला नव्यात. त्याला वाटलं असणार, दादाला नव्याचं वेड, हा कशाला मागे राहतोय.

सून : मग बसा आता इथेच. लावा कोबी.

सासरे : लावला. पण त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका नाही.

सून : कोण कुठल्या आवृत्तीत आहे ते माझ्या मोबाइलवर, खेळाच्या ॲपमध्ये दिसतं... अरे देवा. काका आत्ता जुन्यात आहेत.

सासरे : मला शोधायला गेला असेल. चल, जुनी लाव परत.

सून : आणि तेवढ्यात ते इकडे आले तर? लपंडाव खेळायचं वय आहे का हे?

सासरे : दोन-दोन ठेवल्या म्हणूनच हा घोळ. एकच असती तर झक मारत दोघंही तिथेच भेटलो असतो.

सून : आणि जुनी बंद केली असती, तर पहिली बोंब तुम्हीच मारली असती. मी लिहू का त्यांना माझ्या नावानं?

सासरे : तू मध्ये पडू नकोस.

सून : मग फोन करा.

सासरे : नंबर कुठे आहे माझ्याकडे?

सून : आहे. अधूनमधून काढून बघता आणि फोन परत खिशात टाकता. डोळे आहेत मला.

सासरे : अगं, आत्तापर्यंत निदान मेंढ्या तरी येत होत्या. फोनवर एखादा शब्द वेडावाकडा गेला, तर त्याही कायमच्या बंद होतील. मला भीती वाटते, बाळ.

सून : मेंढ्या तशाही येत नाहीयेत, बाबा. लावलाय मी. घ्या.

(पलीकडे फोन उचलला जातो.)

धाकटा भाऊ : दादा?

सासरे : हं.

धाकटा भाऊ : कुठे आहेस तू?

सासरे : नव्यात.

धाकटा भाऊ : आणि मी इथे जुन्यात तुझी वाट बघत बसलोय.

सासरे : तू हलू नकोस आता. मी येतो.